मशीनचा आवाज वजाबाकीत जात नाही

मराठवाड्यातल्या एका वैद्यकीय महाविद्यालयात कान-नाक-घशाचं एम.एस. करणाऱ्या डॉक्टरांचा प्रश्न आहे. थोडक्यात असा: ‘जालन्याच्या रोलिंग मिलमध्ये वर्षानुवर्षं काम केलेले, ऐकू कमी येणारे आणि कानात सतत सूं वाजत राहणारे कामगार आमच्या ओपीडीत येतात. त्यांना आवाज ऐकवून फंक्शनल एमआरआय (मेंदूचा कोणता भाग कधी कामाला लागतो ते दाखवणारा स्कॅन) करायचा आणि ऑडिटरी कॉर्टेक्सचा, म्हणजे मेंदूतल्या ऐकण्याच्या भागाचा प्रतिसाद निरोगी लोकांशी ताडून पाहायचा, असा थिसिसचा विषय घेतलाय. मशीन भयंकर वाजतं. पण गाइड म्हणतात, आवाज ऐकवताना आणि न ऐकवताना मशीन सारखंच वाजतं, त्यामुळे वजाबाकीत ते निघून जातं. इअरप्लग घातले की झालं. हे बरोबर आहे का? आणि आमच्याकडे १.५ टेस्ला ताकदीच्या चुंबकाचंच मशीन आहे, चालेल का?’

तुमच्या गाइडचं म्हणणं नवीन नाही. बोटं हलवायला लावून किंवा चित्रं दाखवून एमआरआय करायचा असेल तर ते बऱ्यापैकी चालूनही जातं. ऐकण्याच्या अभ्यासात मात्र ते चालत नाही, आणि तुमच्या रुग्णांच्या बाबतीत तर अजिबातच नाही.

आधी आवाज येतो कुठून ते पाहू, कारण पुढचे बरेच उपाय तिथूनच निघतात. गॅन्ट्रीच्या, म्हणजे मशीनच्या नळकांड्याच्या आत ग्रेडियंट कॉइल असतात; चित्र घेताना चुंबकीय क्षेत्र बदलत ठेवायचं काम त्यांचं. त्यांच्यातला प्रवाह सेकंदाला शेकडो-हजारो वेळा उलटसुलट होतो, आणि त्या बसलेल्या असतात जबरदस्त स्थिर चुंबकीय क्षेत्रात. दर उलटापालटीला कॉइलवर बल येतं, कॉइल थरथरते आणि अख्खं नळकांडं वाजतं. लाउडस्पीकर याच तत्त्वावर चालतो. बल चुंबकीय क्षेत्राच्या प्रमाणात वाढतं, म्हणून बाकी सगळं सारखं ठेवलं तर ३ टेस्लाचं मशीन १.५ टेस्लापेक्षा ६ डेसिबल जास्त वाजेल. प्रत्यक्षात कॉइलची बांधणी वेगळी असते, त्यामुळे आकडे मागेपुढे होतात. फंक्शनल एमआरआयला वापरतो तो ईपीआय सिक्वेन्स (झपाट्याने चित्रं घेण्याची पद्धत) साधारण ११० ते १३० डेसिबलच्या पट्ट्यात वाजतो.

हा आवाज कोणत्या स्वराचा आहे ते तुम्हाला कागदावरच काढता येतं. टेक्निशियनकडून प्रोटोकॉलची प्रिंट मागा आणि त्यात ‘इको स्पेसिंग’, म्हणजे ग्रेडियंटच्या एका उलटीपासून पुढच्या उलटीपर्यंतचा वेळ, शोधा. समजा तो ०.५ मिलिसेकंद आहे. ग्रेडियंट एकदा इकडे आणि एकदा तिकडे, असं पूर्ण आवर्तन १ मिलिसेकंदाचं झालं, म्हणजे १००० हर्ट्झ. ०.७ असेल तर साधारण ७१४ हर्ट्झ. हा मुख्य स्वर, आणि त्याच्या वर त्याच्याच पटीतले स्वर. शिवाय २ सेकंदांत ३० स्लाइस (मेंदूच्या चित्राचे काप) घेत असाल तर सेकंदाला १५ ठोके. बोलण्यातला बराचसा अर्थ ज्या पट्ट्यात असतो, त्याच्या ऐन मध्यावर हा सूर बसतो. म्हणजे तुम्ही १००० हर्ट्झचा टोन ऐकवणार आणि मशीन स्वतःच १००० हर्ट्झवर किंचाळत असणार.

ग्रेडियंट थांबले तरी खोली शांत होत नाही, हे विसरू नका. हीलियम थंड ठेवणाऱ्या यंत्रणेची चिक-चिक चोवीस तास चालू असते. बोअरमधला, म्हणजे रुग्ण झोपतो त्या पोकळीतला पंखा आणि एसी वेगळेच. मे महिन्यात आपल्याकडे पारा ४२च्या पुढे गेला की एसी बंद करा म्हणण्याची सोयच नसते. या बारीक आवाजाकडे सगळे दुर्लक्ष करतात. तुमच्या विषयात तोच महत्त्वाचा आहे. त्याकडे पुढे येतो.

आता वजाबाकीकडे. ‘आवाज अधिक मशीन’ वजा ‘फक्त मशीन’ बरोबर ‘आवाज’, हे गणित खरं ठरायला मेंदूचा प्रतिसाद सरळ बेरजेसारखा वाढायला हवा. तो तसा वाढत नाही. नुसता स्कॅनरचा आवाजसुद्धा ऑडिटरी कॉर्टेक्स जागा करतो, हे पीटर बँडेटिनी आणि सहकाऱ्यांनी १९९८ मध्येच दाखवून दिलं. म्हणजे तुमची ‘शांत’ स्थिती मुळात शांत नाही. रांजण आधीच गळ्यापर्यंत भरलेला असेल तर त्यात घागर ओतून पातळी किती वाढली हे मोजण्यात काय अर्थ? वर जागाच थोडी उरलेली असते. म्हणून सतत स्कॅनिंग करत घेतलेल्या ऐकण्याच्या प्रयोगात फरक छोटा दिसतो, आणि काही वेळा दिसतच नाही.

दुसरी गोष्ट मास्किंगची. इथे प्रश्न मेंदूच्याही आधी, आतल्या कानातल्या कॉक्लियातच सुरू होतो. मशीनचा सूर त्याच्या आसपासच्या, आणि विशेषतः त्याच्या वरच्या वारंवारिता झाकून टाकतो. कमी वारंवारितेचा मोठा आवाज वरच्या स्वरांना जास्त झाकतो, हे ऑडिऑलॉजीच्या पहिल्या वर्षात आपण सगळ्यांनीच वाचलेलं आहे. जो स्वर रुग्णाला ऐकूच गेला नाही, त्याचा प्रतिसाद कॉर्टेक्सच्या कोणत्या भागात आला हे शोधण्यात हशील नाही. तिसरी गोष्ट कष्टाची. गोंगाटात बोलणं समजून घ्यायला माणूस जोर लावतो, आणि तो जोर पुढच्या मेंदूत उजळलेला दिसतो. विद्यार्थी तो ठिपका पाहून ‘भाषेची प्रक्रिया’ असं लिहून मोकळे होतात.

यातलं काहीही एकवेळ सहन करता आलं असतं, जर ते दोन्ही गटांत सारखं असतं. तुमच्या थिसिसची खरी अडचण इथेच आहे. गोंगाटाने झालेला बहिरेपणा ऑडिओग्रामवर (श्रवणचाचणीच्या आलेखावर) ४००० हर्ट्झच्या आसपास खाच पाडतो. मशीनच्या आवाजातले ३००० ते ५००० हर्ट्झच्या आसपासचे स्वर तुमच्या निरोगी गटाला ऐकू येणार. कामगाराला ते कमी येणार किंवा येणारच नाहीत. म्हणजे त्याचा रांजण कमी भरलेला. मग तुम्ही आवाज ऐकवलात की त्याचा फरक मोठा दिसेल, आणि तुम्ही लिहाल, ‘बहिरेपणात कॉर्टेक्सची उत्तेजना वाढते.’ दुसऱ्या कामगारात याच्या उलट होईल. त्याला रिक्रूटमेंट आहे, म्हणजे ऐकू येण्याचा उंबरठा ओलांडला की आवाज एकदम कर्कश वाटायला लागतो. त्याच्या कॉर्टेक्सला मशीननेच छतापर्यंत नेलेलं असेल, तुमच्या आवाजाला वर जागा नाही. ‘उत्तेजना घटते.’ एकाच मशीनमुळे दोन उलट निष्कर्ष, आणि दोन्हींत मेंदूच्या आजाराचा काहीच भाग नाही.

हे काल्पनिक भय नाही. बोस्टनच्या जेनिफर मेल्चर यांच्या गटाने २००० मध्ये एका बाजूच्या टिनिटसच्या (कानात आवाज वाजत राहण्याच्या) रुग्णांत इन्फीरिअर कॉलिक्युलसचा, म्हणजे ब्रेनस्टेममधल्या ऐकण्याच्या वाटेवरच्या एका भागाचा प्रतिसाद असमान दिसतो असं मांडलं होतं. २००९ मध्ये त्यांनीच हा प्रश्न पुन्हा हातात घेतला. यावेळी दोन्ही गटांचे उंबरठे नॉर्मल आणि जुळवलेले होते, वय आणि मनःस्थितीही जुळवलेली होती, आणि तोच प्रयोग कूलंट पंप (वर सांगितलेली हीलियमची चिक-चिक) चालू ठेवून आणि बंद ठेवून असा दोन्ही प्रकारे केला. पंप बंद असताना टिनिटसच्या गटाचा प्रतिसाद दुसऱ्या गटापेक्षा जास्त आला. पंप चालू केल्यावर टिनिटसच्या गटाचा प्रतिसाद खाली आला. टिनिटस नसलेल्यांचा तसा आला नाही. आणि डाव्या-उजव्या बाजूंमधला जुना फरक या वेळी गटागटांत ठळकपणे दिसला नाही. लक्षात घ्या, हा ग्रेडियंटचा धडधडाट नव्हता, नुसत्या पंपाचा आवाज होता. गाइडना दाखवायला एकच पेपर निवडायचा असेल तर हा निवडा.

यातूनच रचनेबद्दल एक सल्ला. ‘कामगार विरुद्ध निरोगी’ ही तुलना सोडून द्या. कामगारांमधलेच दोन गट करा: ऑडिओग्राम सारखा, वय सारखं, नोकरीची वर्षं साधारण सारखी, पण एका गटाला कानात आवाज आहे आणि दुसऱ्याला नाही. मिलमध्ये दोन्ही प्रकारचे लोक तुम्हाला मिळतील. मशीन त्या दोघांच्याही कानात निदान बऱ्यापैकी सारखं शिरेल.

आता मुख्य उपाय. मेंदूतल्या रक्तप्रवाहाचा प्रतिसाद आळशी असतो, ही एरवी डोकेदुखी, पण आपल्याला इथे ती सोयीची पडते. आवाज झाल्यावर सिग्नल वाढत वाढत ४ ते ६ सेकंदांनी शिखरावर जातो आणि उतरायला आणखी आठ-दहा सेकंद घेतो. मग स्कॅनिंग सतत का करायचं? आवाज शांततेत ऐकवा, थांबा, आणि प्रतिसाद शिखराजवळ असताना एक-दोन सेकंदांत पूर्ण मेंदूचं एक चित्र घ्या. त्या वेळी झालेल्या धडधडाटाचा प्रतिसाद यायला पुन्हा चार-पाच सेकंद लागणार, तोवर तुमचं चित्र घेऊन झालेलं असतं. मग तो विरेपर्यंत गप्प बसा. यालाच स्पार्स सॅम्पलिंग म्हणतात. नॉटिंगहॅमच्या डेबोरा हॉल आणि सहकाऱ्यांनी १९९९ मध्ये ही पद्धत मांडली; त्यांनी दोन चित्रांमध्ये १४ सेकंदांचं अंतर ठेवलं होतं. चित्रं कितीतरी कमी मिळाली, तरी ऑडिटरी कॉर्टेक्समधला बदल सतत स्कॅनिंगपेक्षा मोठा आला.

किंमत मोजावी लागते. २० मिनिटांत २ सेकंदांच्या टीआरने (एका चित्रापासून पुढच्या चित्रापर्यंतच्या वेळाने) ६०० चित्रं मिळतात, १२ सेकंदांच्या टीआरने १००. प्रतिसादाचा आलेख कसा चढला, कसा उतरला, ते दिसत नाही; एकच बिंदू हाती येतो. म्हणून लोक टीआर ९-१० सेकंदांवर आणायचा मोह करतात. तिथे आधीच्या धडधडाटाची शेपटी अजून पूर्ण विरलेली नसते. मेंदूच्या वरच्या भागासाठी ती तडजोड एकवेळ चालेल, तुमच्या तुलनेसाठी मी १२च्या खाली जाणार नाही. आलेख हवाच असेल तर शांततेनंतर लागोपाठ काही चित्रं घेण्याची पद्धत आहे, पण शांततेत चुंबकीकरण टिकवून धरायला सिक्वेन्समध्येच बदल करावा लागतो. नाहीतर थांब्यानंतरचं पहिलं चित्र उजळ आणि पुढची फिकी येतात, आणि तो फरक तुम्ही मेंदूचा समजून बसाल. रोजच्या क्लिनिकल मशीनवर हे जमवण्यात थिसिसचं वर्ष घालवू नका. साधा स्पार्स तर कोणत्याही मशीनवर टीआर वाढवून, स्लाइस सुरुवातीला एकगठ्ठा घेऊन आणि मागे मोकळी जागा सोडून बसवता येतो. अप्लिकेशन इंजिनिअरला फोनवर विचारलंत तरी तो सांगेल.

एक व्यावहारिक गोष्ट पुस्तकात सापडत नाही. दहा सेकंद शांतता आणि मग अचानक धडाड्! पहिल्या चार-पाच वेळा माणूस दचकतो आणि मान हलते. रुग्णाला आत घेण्याआधी तो आवाज बाहेर ऐकवा, आणि सुरुवातीची काही चित्रं सरळ टाकून द्या. आवाजाची वेळही दरवेळी किंचित मागेपुढे ठेवा. ठराविक ताल कळला की माणूस पुढच्या ठोक्याची वाट पाहायला लागतो, आणि वाट पाहण्यालाही मेंदूत प्रतिसाद असतो.

कमी आवाजाचे ईपीआय सिक्वेन्सही आहेत. त्यांत ग्रेडियंट धारदार कोपऱ्यांऐवजी गोलाईने वळवतात आणि हळू फिरवतात. चांगले असतात, पण चित्र जास्त वाकडं येतं, आणि कानांच्या मागच्या हवेमुळे टेम्पोरल लोबचा खालचा भाग आधीच वाकलेला असतो. मशीनवर तयार मिळत असेल तर वापरा.

इअरप्लगकडे येऊ. प्लग हवेतच, त्याबद्दल वाद नाही. पण ते पुरत का नाहीत? फोमचा प्लग नीट बसला तर तिसेक डेसिबल अडवतो. त्यावर अख्खा कान झाकणारा मफ चढवला की दोन्ही मिळून ४०च्या आसपास जाता, दोन्हींची सरळ बेरीज होत नाही, कारण उरलेला आवाज कवटीतून आणि अंगातून हाडावाटे कॉक्लियात शिरतो. मशीन ११५ असेल तर आत ७५ उरले. साधं बोलणं ६० ते ६५ असतं. म्हणजे प्लग आणि मफ दोन्ही लावूनही मशीन तुमच्यापेक्षा मोठ्याने बोलतंय. शिवाय तुमचा स्वतःचा आवाज हवेतूनच जाणार, म्हणून प्लगने तोही तेवढाच खाली येणार! प्लगमधूनच नळी जाणारे इन्सर्ट इअरफोन वापरा, मग अडवणं आणि ऐकवणं दोन्ही साधतं.

‘नीट बसला तर’ हे शब्द मी मुद्दाम वापरले. आपल्याकडच्या सेंटरवर काय चालतं ते तुम्हीही पाहिलं असेल. कुठे कापसाचा बोळा देतात, त्याने जेमतेम काही डेसिबल अडतात. कुठे प्लग देतात, पण रुग्ण तो बाटलीच्या बुचासारखा कानाच्या तोंडाशी टेकवून मोकळा होतो. प्लग बोटांत वळून अगदी बारीक करायचा, दुसऱ्या हाताने डोक्यावरून कान वर आणि मागे ओढायचा, आत सरकवायचा आणि फुगेपर्यंत बोटाने धरून ठेवायचा. बाहेरून जवळजवळ दिसला नाही पाहिजे. हे काम रुग्णावर सोडू नका, स्वतः करा. दोघांच्या प्लगमध्ये १५ डेसिबलचा फरक पडला तर तुमच्या सगळ्या आकडेवारीवर पाणी. आणि ९९ डीबीए ही जी मर्यादा मानतात, ती कानाचं संरक्षण लावल्यानंतरची आहे, हे एथिक्सच्या अर्जात स्पष्ट लिहा. आधीच कान गेलेल्या माणसाच्या बाबतीत समिती विचारणारच.

इअरफोनबद्दल. एमआरआयबरोबर येणारे हवेच्या नळीचे हेडफोन रुग्णाला ‘श्वास धरा’ सांगायला बनवलेले असतात. साधारण ४-५ हजार हर्ट्झच्या पुढे त्यांच्यातून फारसं काही येत नाही. तुम्ही मराठी शब्द ऐकवणार आहात, म्हणून सांगतो: ‘स’ची बरीचशी ताकद त्याच भागात असते, ‘श’ची त्याच्या खाली. नळीतून दोन्ही जवळजवळ सारखेच ऐकू येतात. तीच गत ‘जग’ची. दुनिया या अर्थाचा ‘जग’ आणि ‘जग बाबा, शंभर वर्षं जग’ मधला ‘जग’ यांतला फरक नळी बऱ्याच अंशी खाऊन टाकते. वर तुमच्या रुग्णाला ४००० हर्ट्झला खाच. असे शब्द यादीतून काढा, किंवा मग पायझो नाहीतर इलेक्ट्रोस्टॅटिक पद्धतीचे चांगले इअरफोन मिळवा. शब्दही पुण्याच्या निवेदकाकडून नको, परभणी-जालन्याकडच्या माणसाकडून रेकॉर्ड करून घ्या. कामगाराला उच्चारावर अडखळायला लावून तो कष्ट टिनिटसच्या खात्यावर मांडू नका.

मशीनला हात लावण्याआधी एक स्वस्त काम करा. ईपीआयचा आवाज रेकॉर्ड करा. फोन अर्थातच आत न्यायचा नाही. कंट्रोल रूममधल्या इंटरकॉमवरून घेतलेलं रेकॉर्डिंगही मुख्य स्वर ओळखायला पुरतं. मग साउंडप्रूफ खोलीत ऑडिओमीटरवर तोच आवाज मागे लावून, कामगार आणि इतरांना तुमची शब्दयादी ऐकवा. कोणते शब्द कोणाला किती कळतात ते तिथेच कळेल, आणि याला स्कॅनरचा एकही तास लागत नाही. ही ऑडिओमेट्री एमआरआयच्या आधीच करा, नंतर नाही, कारण स्कॅनरने स्वतःच उंबरठा तात्पुरता हलवलेला असू शकतो. आणि रात्रपाळी करून थेट आलेल्या माणसाची तर नकोच; मिलच्या गोंगाटापासून निदान १४ तास लांब राहिलेला हवा.

मशीनमध्ये पातळी ठरवताना एकच आकडा सगळ्यांना लावू नका. आधी डमी स्कॅन चालवून आवाज हळूहळू वाढवा आणि रुग्णाला स्पष्ट, पण न टोचणारा वाटेल तिथे थांबा. ती पातळी लिहून ठेवा. प्रत्येक काही शब्दांनंतर बटण दाबायचं सोपं काम द्या, नाहीतर कोण ऐकतंय आणि कोण झोपलंय ते कळणार नाही. रात्रीच्या स्लॉटमध्ये लोक घोरतात, अगदी १२० डेसिबलमध्येसुद्धा.

विषयाबाहेरचं, पण सोडून चालणार नाही असं एक: रोलिंग मिलचा कामगार म्हणजे ग्राइंडिंगची ठिणगी कधी ना कधी डोळ्यात गेलेली असतेच. डोळ्यात लोखंडाचा कण राहिला असेल तर चुंबकात तो सरकून डोळा जाऊ शकतो. नुसतं ‘अंगात धातू आहे का?’ विचारलं तर सगळे ‘नाही’च म्हणतात. ‘डोळ्यात कधी कचरा गेला होता का, डॉक्टरने काढला होता का?’ असं विचारा, आणि शंका आली की आधी डोळ्यांच्या खोबणीचा एक्स-रे. हिअरिंग एड आत जाणार नाही. कॉक्लियर इम्प्लांटवाले या अभ्यासात घेऊच नका. त्यांच्यासाठी प्रकाशाने कॉर्टेक्स पाहणारं एफनीर्स हे वेगळं आणि शांत तंत्र आहे.

हीलियमचा पंप बंद ठेवता येईल का, हे पुढे विचारालच. संशोधनकेंद्रांत थोड्या वेळासाठी ठेवतात. तुमच्या रुग्णालयात सर्व्हिस इंजिनिअरच्या लेखी परवानगीशिवाय त्या बटणाकडे बघूही नका. बोअरचा पंखा मात्र बंद करता येतो, तो करा. पंप सगळ्यांना सारखाच चालू होता हे थिसिसमध्ये लिहा, आणि मेल्चर यांच्या निकालाचा संदर्भ देऊन तुमच्या निष्कर्षाला त्याची मर्यादा घाला. परीक्षक याच जागी बोट ठेवतील, तेव्हा उत्तर तयार असलेलं बरं.

राहिलं १.५ टेस्ला. चालेल. ३ टेस्लावर सिग्नल जास्त मिळतो, हे खरं, पण आवाज वाढतो आणि कानाजवळच्या हवेमुळे चित्रही जास्त बिघडतं. तुम्ही कॉर्टेक्स पाहणार असाल तर स्पार्स पद्धतीने १.५ टेस्लावर नीट उत्तर मिळतं. सुरुवातीची कितीतरी कामं त्यावरच झाली. कॉलिक्युलससारखा ब्रेनस्टेममधला वाटाण्याएवढा भाग पाहायचा असेल तर गोष्ट वेगळी. तो नाडीच्या प्रत्येक ठोक्याला हलतो, त्यासाठी कार्डिअ‍ॅक गेटिंग (हृदयाच्या ठोक्याशी जुळवून चित्र घेणं) लागतं आणि टीआर दरवेळी बदलतो, त्याची दुरुस्ती करावी लागते. हा उद्योग एम.एस.च्या मुदतीत बसणारा नाही. कॉर्टेक्सवरच राहा, आणि पहिल्या दोन-तीन माणसांत सतत आणि स्पार्स अशा दोन्ही पद्धतींनी तीच शब्दयादी चालवून पाहा. त्या दोन नकाशांची प्रिंट गाइडच्या टेबलावर ठेवलीत की वजाबाकीवर वेगळं बोलायची गरज राहणार नाही.